पोतं वाहणाऱ्याचं कार्य शून्य कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून अकरावीच्या मुलीने मला दोन प्रश्न पाठवले. पहिला तिच्याच शब्दांत देतो: "सर, माझे बाबा बाजार समितीत हमाल आहेत. ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालणारा माणूस गुरुत्वबलाविरुद्ध शून्य कार्य करतो, असं पुस्तकात आहे. मी ते मोठ्यानं वाचत होते आणि बाबा जेवत होते. ते म्हणाले, 'मग मी दिवसभर काहीच करत नाही काय?' मला काही सांगता आलं नाही." दुसरा प्रश्न असा: "संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्हीत वस्तुमान आणि वेगच आहे. मग दोन नावं कशाला?"

बेटा, अठ्ठावीस वर्षं मी भौतिकशास्त्र शिकवतोय. तुझ्या बाबांनी विचारलेला प्रश्न दरवर्षी वर्गातल्या कुणा ना कुणाच्या डोळ्यांत दिसतो, पण तोंडावर क्वचितच येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवू. आपल्या पुस्तकांत 'कार्य' हा शब्द आहे, 'काम' नाही. हे चांगलं आहे, पण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. तुझे बाबा काम करतात. कामात घाम, वेळ, कौशल्य आणि मजुरी सगळं येतं. 'कार्य' या शब्दाला भौतिकशास्त्राने फार अरुंद जागा दिली आहे. बल लावलं आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू जेवढी सरकली, त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे कार्य. हा अर्थ १८२९ साली फ्रान्समध्ये गुस्ताव कोरिओलिस यांनी पक्का केला. ते दिवस वाफेच्या इंजिनांचे होते. कुठलं यंत्र किती वजन किती उंच चढवतं याची तुलना करायला एक माप हवं होतं. यंत्राची किंमत ठरवायला ते माप उत्तम आहे, पण माणूस दमला किती हे सांगण्यासाठी ते बनलेलंच नाही. तेव्हा पुस्तकातलं शून्य बाबांच्या कामाला नाही, पोत्यावर झालेल्या एका विशिष्ट कार्याला आहे.

आता ते शून्य कुठून आलं ते बघ. पोतं ५० किलोचं आहे. पृथ्वी त्याला ४९० न्यूटन बलाने खाली ओढते आणि बाबांची पाठ तेवढ्याच बलाने त्याला वर तोलते. बाबा ओट्यावरून वीस पावलं सरळ चालले. बल वर होतं आणि सरकणं आडवं होतं. वरच्या दिशेने पोतं एक बोटभरही सरकलं नाही, म्हणून गुणाकार शून्य. पोत्याच्या बाजूने विचार केला तर हे खरंच आहे. वीस पावलांआधी ते जेवढ्या उंचीवर होतं, तेवढ्याच उंचीवर नंतरही आहे. सुटून पडलं तर आधी जेवढ्या जोराने आदळलं असतं, तेवढ्याच जोराने आताही आदळेल. त्याच्या खात्यात काही जमा झालं नाही.

मग बाबा दमतात कशाने? हेच पोतं ओट्यावर ठेवलं तर ओटा रात्रभर ते तोलून धरतो आणि दमत नाही. फरक स्नायूंच्या बनावटीत आहे. स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन नावाच्या प्रथिनांचे बारीक धागे शेजारी शेजारी असतात. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. दोर ओढणारी माणसं हात बदलत राहतात, तसं हे अखंड चालू असतं. सुटून पुन्हा पकडायला दरवेळी एटीपी या रेणूतली ऊर्जा खर्च होते, आणि तो एटीपी भाकरीतून येतो. पोतं जागचं हललं नाही तरी आतली ही धरसोड थांबत नाही. खर्च झालेली ऊर्जा पोत्यात जात नाही, तिची उष्णता होते. डिसेंबरच्या सकाळीही हमालाचा सदरा पाठीला चिकटलेला असतो तो यामुळे. शिवाय चालताना प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर उचललं जातं आणि खाली येतं, तोही खर्च आहेच. ऊर्जा खर्च झाली हे शंभर टक्के खरं, आणि पोत्यावर गुरुत्वाविरुद्ध कार्य शून्य झालं हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकत्र शिकवली नाहीत की ऐकणाऱ्याला अपमान वाटतो, आणि वाटणारच.

जिथे कार्य शून्य नाही ती जागाही बाजार समितीतच आहे. पोतं जमिनीवरून पाठीवर घेताना ते साधारण १.२ मीटर वर येतं: ४९० गुणिले १.२, म्हणजे ५८८ ज्यूल (ज्यूल हे कार्याचं आणि ऊर्जेचं एकक). मग बाबा फळीवरून ट्रकात चढतात. ट्रकाचा तळही जमिनीपासून तेवढाच उंच धर, म्हणजे पोत्यावर आणखी ५८८ ज्यूल. पण फळीवरून एकटं पोतं चढत नाही, बाबाही चढतात. त्यांचं वजन ६० किलो धरलं तर स्वतःला वर न्यायला सुमारे ७०६ ज्यूल लागले. एका पोत्यामागे १,८८२ ज्यूल झाले. दिवसाला दोनशे पोती एकट्याने चढवली, तर ३ लाख ७६ हजार ज्यूल.

हा आकडा अन्नाच्या भाषेत ९० किलोकॅलरी होतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे दोनशे पोत्यांचं निव्वळ कार्य सव्वीस ग्रॅम पिठात बसतं. तू म्हणशील, बाबा तर चार भाकरी खातात. खातीलच. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम वीस ते पंचवीस टक्के कार्यात बदलतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे नुसत्या उचलण्याचा खर्च चौपट-पाचपट झाला. त्यावर तोलून धरणं, चालणं, रिकाम्या हाताने परत येणं आलं. आणि माणूस दिवसभर बाजेवर पडून राहिला तरी हृदय, मेंदू आणि श्वास यांना दीड हजाराच्या आसपास किलोकॅलरी लागतातच.

विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. दोनशे पोती ट्रकात चढवण्याचं कार्य एका युनिटच्या दहाव्या हिश्शाहून किंचित जास्त भरतं. वर्गात हे सांगितलं की पोरं गप्प होतात. विहिरीवरची पाच एचपीची मोटर, म्हणजे साधारण ३,७३० वॅट, एवढं कार्य सुमारे १०० सेकंदांत करते. यातून माणसाचं मोल कमी ठरत नाही. फळीवर पाय कुठे टाकायचा, पोत्याचा तोल कुठल्या खांद्यावर घ्यायचा हे मोटरीला येत नाही, आणि ज्यूलमध्ये ते मोजताही येत नाही.

शक्ती हा शब्दही इथेच बघून घे. गावात शक्ती म्हणजे अंगातली ताकद. पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य किती झपाट्याने झालं ते. तेच पोतं त्याच फळीवरून धावत नेलं किंवा थांबत थांबत नेलं, तरी गुरुत्वाविरुद्धचं कार्य एकच राहतं. शक्ती बदलते.

आता तुझा दुसरा प्रश्न. हा मला जास्त आवडला, कारण यावर युरोपातली मोठी माणसं अर्धशतकाहून जास्त भांडली आहेत. सतराव्या शतकातले फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मते गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग हे होतं. १६८६ मध्ये जर्मन गणितज्ञ लायब्निझ यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, वेग नव्हे, वेगाचा वर्ग घ्यायला हवा. दोन्हीकडे हुशार माणसं होती आणि दोन्हीकडे गणितं होती. तुला पडलेली शंका उलट्या बाजूने तीच आहे: एकच माप पुरायला हवं, मग दोन का?

उत्तर एका वाक्यात असं. संवेग सांगतो, ही वस्तू थांबवायला अमुक एवढं बल किती वेळ लावावं लागेल. गतिज ऊर्जा सांगते, तेवढंच बल किती अंतरभर लावावं लागेल. एक वेळेचा हिशेब आहे, दुसरा अंतराचा.

गावातलंच उदाहरण घेऊ. कापूस भरलेली बंडी, सगळं मिळून ६०० किलो. सपाट रस्त्यावर बैल सोडलेले आहेत आणि बंडी सेकंदाला १ मीटर वेगाने हळूहळू सरकतेय. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, झाला ६००. दुसरीकडे मोटरसायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून २०० किलो, वेग सेकंदाला ३ मीटर. संवेग पुन्हा ६००, अगदी सारखा. आता दोघांनाही मागून ३०० न्यूटन बलाने ओढून थांबवायचं. बंडी २ सेकंदांत थांबते, मोटरसायकलही २ सेकंदांतच. वेळ सारखा, कारण संवेग सारखा. पण त्या दोन सेकंदांत बंडी १ मीटर पुढे गेली आणि मोटरसायकल ३ मीटर. गतिज ऊर्जा काढ, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. बंडीची ३०० ज्यूल येते आणि मोटरसायकलची ९००. अंतर तिप्पट, कारण ऊर्जा तिप्पट. वहीत हे एकदा स्वतः करून बघ. एकाच माणसाची उंची आणि वजन या दोन गोष्टी जशा वेगळ्या, तसे संवेग आणि ऊर्जा वेगळे आहेत.

हे रस्त्यावर जिवाशी येतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक करकचून लावले तर ती ९ मीटरच्या आसपास थांबते. ताशी ८० ला वेग दुप्पट, संवेग दुप्पट, म्हणून थांबायला वेळ दुप्पट लागतो. पण ऊर्जा चौपट, म्हणून अंतर ३६ मीटर होतं. माणसाचा अंदाज बहुधा वेळेच्या हिशेबाने चालतो. 'दुप्पट वेगात आहे, थोडं आधी ब्रेक मारू' असं त्याला वाटतं. समोर बैल आडवा आला की लागतं ते अंतर, आणि ते चौपट झालेलं असतं. वर ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा, त्यात ताशी ८० ला आणखी २२ मीटर जातात. माझ्या वर्गात बसलेली मुलं रस्त्यावरच्या अपघातात गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा वर्ग, ही छोटीशी २, मी दरवर्षी फळ्यावर सगळ्यात मोठी काढतो.

त्या जुन्या भांडणात एक सुंदर प्रयोग झाला. १७२० च्या दशकात हॉलंडमधल्या विलेम स्ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीवर सोडून खड्डे मोजले. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले यांनी त्याचं महत्त्व ओळखलं आणि १७४० मध्ये आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ते मांडलं. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती त्या काळातल्या या बाई. न्यूटन यांच्या मुख्य ग्रंथाचं फ्रेंच भाषांतरही त्यांनीच केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये पूर्ण छापलं गेलं.

हा प्रयोग तू घरी कर. पोळ्याला मातीचे बैल करायला मळतो तशी काळी माती चांगली मळून घमेल्यात सपाट थाप. मोटर दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या बेअरिंगमधली मोठी गोळी माग. ती २५ सेंटिमीटरवरून सोड, मग शेजारी १ मीटरवरून सोड. उंची चौपट केली की जमिनीवर पोचतानाचा वेग फक्त दुप्पट होतो: पहिल्या वेळी सेकंदाला २.२ मीटर, दुसऱ्या वेळी ४.४. खड्ड्यांत सिरिंजने थेंब थेंब पाणी भर आणि किती मावलं ते लिही. माती फार ओली असेल तर गोळी चिकटते, फार कोरडी असेल तर भेग पडते. दोन-तीन वेळा तरी करावं लागेल. दुसऱ्या खड्ड्यात पाणी दुप्पट मावत नाही, चौपटीच्या जवळ जातं. माती बाजूला सारण्याचं कार्य ऊर्जेने होतं, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

असाच एक मोठा खड्डा आपल्या विदर्भात आहे, बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. आपल्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट आहे, त्याच खडकात अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, आदळून पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. बाहेरून येणारा मोठा अशनी पृथ्वीच्या ओढीमुळेच किमान सेकंदाला ११ किलोमीटर वेग घेतो. त्या वेगाला एक किलो दगडात ६ कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा असते, म्हणजे एक किलो टीएनटी स्फोटकाच्या जवळजवळ पंधरा पट. संवेगाने पाहिलं तर एवढ्या मोठ्या पृथ्वीला तो धक्का नगण्य होता. ऊर्जेने पाहिलं तर तो स्फोट होता. म्हणूनच विवर जवळजवळ गोल आहे. आकाशातून दगड बहुधा तिरपाच येतो. तो फाळासारखा जमिनीत रुतत गेला असता तर लांबट चर पडली असती. पण स्फोट सगळ्या दिशांना सारखा पसरतो. लोणारला सहल गेली की मुलांना काठावर उभं करून मी एवढंच विचारतो: गोल का? बहुतेकांना उत्तर येत नाही, पण परत येताना बसमध्ये त्यावरच बोलणं चालू असतं.

संवेगाकडे ऊर्जेला नसलेली एक गोष्ट आहे, दिशा. तान्ह्या पोळ्याचे चाकं लावलेले लाकडी बैल आठव. सारख्या वजनाचे दोन बैल सारख्या वेगाने समोरासमोर ढकलले आणि शिंगांना मेण लावून चिकटू दिले, तर दोघंही जागच्या जागी थांबतात. एकाचा संवेग उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, बेरीज आधीच शून्य होती आणि नंतरही शून्यच राहिली. ऊर्जेला दिशा नसते, त्यामुळे ती अशी खोडली जात नाही. टक्करीआधी दोघांची मिळून काही ज्यूल होती, नंतर दोघंही स्थिर. ती ऊर्जा 'टक्' आवाजात, दबलेल्या मेणात आणि लाकडाच्या जराशा उष्णतेत गेली. ऊर्जा रूप बदलते, संवेगाला बदलायला दुसरं रूपच नाही. म्हणून टक्करीचं गणित आलं की आधी संवेगाची बेरीज मांड. तो हिशेब बाहेरचं बल नसेल तर कधी चुकत नाही. गतिज ऊर्जा टिकली असं गृहीत धरलंस की हमखास फसशील.

आता पुन्हा बाजार समितीत ये, कारण हे दोन्ही हिशेब तुझ्या बाबांच्या अंगात आहेत. ट्रकावरून पोतं खाली सोडतात आणि खालचा माणूस ते झेलतो. ५० किलोचं पोतं ६० सेंटिमीटर पडून आलं तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.४ मीटर होतो. झेलणारा ताठ उभा राहिला आणि ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबलं, तर अंगावर सरासरी २,२०० न्यूटन बल येतं, म्हणजे सव्वादोनशे किलोचा भार. त्याने पोत्याबरोबर गुडघे वाकवत खाली जाऊन पाव सेकंद घेतला, तर तेच बल १,१८० न्यूटनच्या आसपास, म्हणजे एकशेवीस किलोवर येतं. संवेगाचा हिशेब म्हणतो, वेळ वाढला म्हणून बल घटलं. ऊर्जेचा हिशेब म्हणतो, थांबण्याचं अंतर १७ सेंटिमीटरवरून ४३ वर गेलं म्हणून बल घटलं. दोन्हींनी उत्तर एकच येतं, मी दोन्ही करून पाहिलेत. मणका वाचवणारी ही रीत त्यांना कुणी सूत्राने शिकवलेली नाही.

परीक्षेत मात्र 'शून्य' एवढंच लिहून थांबू नकोस. 'पोत्यावर, गुरुत्वबलाविरुद्ध केलेलं कार्य शून्य, कारण बल आणि विस्थापन परस्परांना लंब आहेत' असं पूर्ण लिही. प्रश्नात चढण, फळी किंवा जिना असेल तर उत्तर शून्य नाही, उंची शोध.

आणि बाबांना एक विचारून मला कळव: पोतं अंगावर येतं तेव्हा गुडघे पोतं टेकायच्या आधी वाकायला लागतात की टेकल्यावर? अनेक हमालांना मी हे विचारलंय, प्रत्येक जण आधी करून दाखवतो आणि मगच सांगतो.